शनिवारची झाडलोट

गुड फ्रायडे सरला की शनिवारी
उजाडायच्या आत मी येते,
दोन झाडू, एक सूप आणि पत्र्याची बादली घेऊन.
सिपारियाच्या या चर्चची किल्ली
आजीकडून आईला, आईकडून मला मिळाली;
झाडलोट किल्लीला बांधूनच आली.

आधी तांदूळ.
बाकांखाली, पायऱ्यांवर,
कबुलीच्या खोलीच्या उंबऱ्याशीसुद्धा
मुठीमुठीनं सांडलेला.
मग तेल. त्यावर लाकडाचा भुसा टाकायचा,
नाहीतर फादर घसरतात.
आयर्लंडचे फादर एकदा घसरले होते,
आणि पडल्या पडल्या जे बोलले
ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

शेवटी जावळ.
रामसुमेर न्हावी दिवसभर अंगणात बसतो,
ऊसमळ्यांतून, बसमधून, पेनालहून, देबेहून
आया बाळं घेऊन येतात,
मऊ काळे केस वाऱ्यानं आत येतात
आणि तेलाला चिकटून बसतात.
झाडूला ते येत नाहीत.
बोटांनीच वेचावे लागतात, गुडघ्यांवर बसून.
त्यामुळे माझी प्रार्थनाही आपोआप होते.

ती वर उभी असते. हातभर उंचीची, सावळी.
आम्ही तिला म्हणतो दैवी मेंढपाळीण,
ते म्हणतात सिपारी माई.
आजी म्हणायची, दोन कान
तिला याचसाठी दिलेत.

फुलबसिया दरवर्षी यायची.
लेक सोबत असायचा, नॅथनिएल मास्तर,
घरी नंदलाल.
कॅनडाच्या मिशनची शाळा, मास्तरकीची नोकरी,
आणि नोकरीच्या आधी बाप्तिस्मा:
तेव्हाचा हिशोब तसाच होता.
पुढे मात्र मनापासून धरलं त्यानं ते,
बायबल अर्धं पाठ.
म्हणायचा, "मिस युलाली, आमच्यात मूर्ती चालत नाही."
मग हिंदू आई आत, मेरीपुढे पदर पसरून,
आणि ख्रिस्ती लेक बाहेर,
उन्हात, आईच्या चपला राखत.

यंदा तो एकटा आला.
पाच वाजले होते, गर्दी ओसरली होती,
समोरच्या मैदानावर पोरांचे पतंग.
हातात तेलाची बाटली,
आणि एका जुन्या ओढणीच्या गाठीत तांदूळ.
गाठ आईनंच मारलेली असावी,
पुरुषाला तशी जमत नाही.

"तुम्ही ठेवाल का?" दारातूनच.
मी म्हटलं, "माझ्या हातचं ती रोज घेते."

बराच वेळ गेला.
मग त्यानं बूट काढले.
आमच्यात कुणी काढत नाही. त्याची आई काढायची.
मोज्यांवर चालत गेला, उजव्याला अंगठ्याशी भोक.
हात जोडले नाहीत.
कपाळाला, छातीला बोट लावलं नाही.
गाठ सुटेना, तर दातांनी सोडवली.
तांदूळ ठेवला, तेल ओतलं, जरा जास्तच ओतलं,
आणि ताठ उभा राहून
आईचं नाव घेतलं, पूर्ण,
हजेरी घेतात तसं.
घेतलं आणि थांबला.
चाळीस वर्षं वर्गात थांबला असेल
तितकाच थांबला.

मग बूट हातातच धरून
पायऱ्या उतरून गेला.

आता मी झाडते आहे.
त्याचा तांदूळ कुठला, बाकीच्यांचा कुठला,
सुपात काही कळत नाही.
सगळा कोंबड्यांना जाईल,
उद्या इस्टरची अंडी फादर कौतुकानं खातील,
आणि कुठल्या दाण्याचं अंडं
हे मी त्यांना सांगायची नाही.

भुसा सगळीकडे टाकलाय.
तिच्यासमोरची एक फरशी तेवढी सोडली:
तेलात मोज्याचा ठसा आहे,
त्यात अंगठा मात्र उघडा उमटलाय.

फादरना म्हटलं, तिथून जपून जा.