हाफ

फियाटचं डोकं उतरवलं तेव्हा कोणी काही बोललं नाही.
डोकं सावद्यात सगळेच उतरवतात,
व्हॉल्व्ह घासतात, गॅस्केट बदलतात, चहा पितात.
पण मी चेंबर सोडला,
गाडीच्या पोटाखाली उताणा झोपलो,
तेव्हा बऱ्हाटे सर कुंपणावरून म्हणाले,
"खालचं काम घरी करत नाहीत, भो."

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं खांबांवर चढलो.
खाली काय असतं
ते मला बघायचं होतं.

पोर्चमध्ये केळीची पानं अंथरली.
त्यांवर कॅप, शेल, बोल्ट, ज्याचे त्याच्या जागी,
पंगतीला बसवावेत तसे.
विजू बघून गेली. म्हणाली,
"मीठ वाढायचं राहिलं."

तिसरं शेल उलटं केलं तर
राखाडी थराखालून तांबं डोकावत होतं,
कल्हई उडालेल्या परातीसारखं.
क्रँकवर नख फिरवलं. अडकलं नाही.
अंगठा फिरवला. अंगठा म्हणाला, छान आहे.
अंगठ्याचं ऐकलं मी.
बुटाच्या लेसखाली पॉलिश पेपर धरून, रॉकेल लावून,
दोन संध्याकाळी घासत बसलो.
नवी शेलं घातली, कॅप आवळले, हाताने फिरवला:
अर्धा फेरा लोणी,
उरलेला अर्धा
जात्यात खडा आल्यासारखा.

मग भुसावळची एस.टी.
गोधडीत गुंडाळलेला क्रँक मांडीवर.
कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "झोपलंय का? हाफ काढू?"
म्हटलं, हाफच आहे.
बाकीचं घरी ठेवून आलोय.
तापीचा पूल येईपर्यंत माझ्या मांड्या बधिर झाल्या होत्या.

छबू तडवीने गोधडी सोडली,
क्रँक उचलला आणि हुकाला उभा टांगला.
"आडवा ठेवला तर वाकतो."
माझ्याकडे तो दोन आठवडे दिवाणाखाली आडवा होता.
हे मी सांगितलं नाही.

"मोजा ना," म्हटलं.
"आते नही. पंचेचाळीसच्या उन्हात
लोखंड बी फुगतं, माणूस बी.
सकायी सहाला पाहू."
मायक्रोमीटर त्याने फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवला होता,
घरातलं सगळ्यात लहान पोर झोपवावं तसा.
रात्री मी तिथेच बाजेवर पडलो.
यार्डातून मालगाड्या जात राहिल्या,
आणि प्रत्येक गाडीला
टांगलेला क्रँक किंचित हलायचा.

सहाला टक, टक, टक.
उभं मोजलं, आडवं मोजलं. टोकाला, मधे, टोकाला.
"गोल नही राहिलं भो. अंडं झालं."
मग भिंगातून बघत,
"हे घासलं कोणी?"
मी सायडिंगकडे बघत म्हटलं, मी.
"हात चांगला आहे," तो म्हणाला.
"अंड्याचं तुम्ही चकचकीत अंडं केलं."

दहा वाजेस्तोवर दगड फिरत होता,
पांढरं पाणी वाहत होतं.
मी म्हटलं, बसवूनही द्या ना, काय होतील ते देतो.
त्याने मानेनेच नाही म्हटलं.
"कापणं माझं. आवळणं तुमचं.
माझ्याकडे दिवसाचे सहा क्रँक येतात.
तुमच्याकडे हा एकच."

परत येताना कंडक्टर दुसरा होता.
त्याने मला फुल तिकीट दिलं,
गोधडीला काहीच विचारलं नाही.

रविवारी पहाटे, गारव्यात, सगळं बंद केलं.
विजू चष्मा लावून पुस्तकातले आकडे वाचत होती,
मी पाना ओढत होतो.
प्रत्येक कॅपनंतर फिरवून बघायचं,
असं छबूने बजावलं होतं.
दोन बोटांनी फिरला.
पूर्ण.

किल्ली दिली तेव्हा बऱ्हाटे सर कुंपणावर होतेच.
तेलाचा लाल दिवा लागला
आणि लागूनच राहिला.
किती वेळ, ते आता प्रत्येकजण वेगळं सांगतो.
सर म्हणतात, मिनिटभर.
विजू म्हणते, तीन श्वास.
मी छबूला फोन करून विचारलं,
किती वेळ चालतं?

तो थोडा थांबला.
"सकाय होती," तो म्हणाला, "का दुपार?"