सी टी ऑल

नंदुरबारला मिरचीचा हंगाम लागला की
औषधाच्या दुकानातसुद्धा तांबडी धूळ येते,
काचेच्या कपाटात, बिलाच्या वहीत.
मी फडकं मारतो आणि शिंकतो.

कौतिकबाई पथारीवरून तशाच यायच्या,
दिवसभर देठं खुडून.
त्यांच्या नोटा मी वेगळ्या ठेवायचो,
तो हात चुकून डोळ्याला लागू नये म्हणून.
चिठ्ठी समोरच्या दवाखान्यातली.
वर तारीख, खाली सही,
मधे एवढंच : सी टी ऑल.
म्हणजे मागच्याच गोळ्या, सगळ्या, पुढे चालू.
मला बारा वर्षांच्या सवयीनं कळतं.
त्यांना शेजारच्या अकरावीतल्या पोरानं वाचून दाखवलं :
आजी, सीटी काढायला सांगितलीय, सगळ्या अंगाची.

मग त्यांनी भिशी उचलली.
दोन महिने गोळ्या घेतल्या नाहीत, पैसे साठवायचे होते.
साडेचार हजार रुमालात बांधून
मला विचारायला आल्या,
मशीन कुठं आहे, धुळ्याला की सुरतेला?

मी हसलो.
आता लिहिताना हात थांबतो, पण हसलो खरा.
मग समजावून सांगितलं. त्याही हसल्या,
तोंडावर पदर धरून, फार वेळ,
आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.
मिरचीचं असेल.

आत माणसाला चार मिनिटं मिळतात,
त्यातलं एक चप्पल काढण्यात जातं.
डॉक्टर वाईट नाहीत,
रात्री अकरालाही त्यांचा दिवा चालू असतो.
म्हणतात, कंट्रोलमधे आहे.
काय कंट्रोलमधे, कुणाच्या, हे विचारावं तर
मागचा पेशंट अर्धा खुर्चीत बसलेला असतो.
आहाराचा छापील कागद देतात :
ओट्स, सॅलड, ऑलिव्ह तेल.
कौतिकबाईंनी तो कळण्याच्या पिठाच्या डब्याला लावला,
झाकण घट्ट बसावं म्हणून.
भाकरी किती खाता, हे कुणी विचारलंच नव्हतं.

एकदा म्हणाल्या, रात्री तळपायाची आग होते.
मिरचीत काम, आग होणारच,
हे मीच म्हणालो.

पौषात आल्या तेव्हा चेहरा उजळला होता.
"मन्हा पायसनी आग थांबनी, भाऊ."
चला, बरं झालं, म्हणालो
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं खोकल्याचं औषध काढलं.
आग थांबते तेव्हा आत काय विझलेलं असतं
हे मला पाठ होतं.
परीक्षेला आलं होतं, सात मार्कांना.

होळीच्या आधल्या आठवड्यात त्या आत आल्या
आणि मागे फरशीवर डाग, एकाच पायाचे.
मला वाटलं, मिरचीची पूड.
एक चप्पल पायात नव्हती.
कुठं सुटली, त्यांना माहीत नव्हतं.
टाचेत पत्र्याचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा.
"काय शे?" त्यांनी विचारलं,
मी का वाकलोय ते त्यांना कळेना.

शटर अर्धं ओढलं. त्यांना स्टुलावर बसवलं.
तुकड्याला हात लावला नाही, डॉक्टरांना निरोप धाडला,
आणि तो येईपर्यंत
एका रिकाम्या खोक्याच्या पाठीवर पाय काढला.
चित्र मला येत नाही, भोपळा झाला.
सांगितलं, साखर नसा कुरतडते, मुंगीसारखी.
आधी जळतं. मग कळत नाही.
कळत नाही, ते वाईट.
रोज रात्री दिव्याखाली पाय बघायचा,
सुनेला बघायला सांगायचा.
रिपोर्ट बरा येतो तो गोळीनं येतो,
गोळी सोडा असं तो म्हणत नाही.

"कव्हालोंग?"

बारा वर्षं हा प्रश्न
चालू ठेवा, चालू ठेवा म्हणत
मी पिशवीत घालून देत आलो होतो.
म्हणालो, कायमचं.

त्या खोक्याकडे बघत राहिल्या.
"मंग पयले काबरं नही सांगं?"
रागानं नाही. भाव विचारतात तसं.

बाहेर कुणीतरी चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडत होतं.
जाताना त्यांनी खोकं मागून घेतलं,
भोपळ्यासकट.