एका डिझेलात दोन भाडी

चिखलीतनं कुरुंदवाडला नाव न्यायची होती.
अठरा फुटी, सागवानी, बुडाला ताजं डांबर.
माझी पिकअप नऊ फुटांची,
मागं ट्रॉली जोडलेली,
ट्रॉलीवर गुऱ्हाळाची काहील, तीही तिकडंच जायची.
म्हटलं, एका डिझेलात दोन भाडी.

दस्तगीरनं लोखंडी घोडी वेल्डिंग करून दिली.
नावेचं नाक केबिनवर,
शेपूट फाळक्याबाहेर चार फूट.
मग तो उकिडवा बसला
आणि नाव नि काहिलीच्या मधल्या
दोन वीत हवेकडं बघत राहिला.
"सरळ रस्त्याला काय न्हाई.
वळलास, की ही एकीकडं जाणार, ती दुसरीकडं.
खड्ड्यात बसलास, तर हिचं शेपूट तिच्या काठावर."
शेपटाखाली जुना टायर सारला,
कासरा चार पदरी ओढला,
ओढताना दातांत बिडी तशीच.

नाव भागीरथी आंबीची.
आधी नवऱ्याची, मग तिचीच, आता भाच्याची.
शेपटाला बांधायला लाल फडकं मिळेना
तर तिनं पिशवीतनं खण काढला,
नदीची ओटी भरायला आणलेला,
दातानं मधोमध फाडला.
"अर्धा तिला पुरंल," म्हणाली.

केबिनमध्ये बसली, पाय वर घेऊन.
जरा वेळानं टपाकडं बोट केलं :
"आजवर मी हिच्यावर बसले.
आज ही माझ्यावर."

नदीनंच सोडली असती
तर एवढा खटाटोप कशाला, पाण्यानंच नेली असती.
पण मधे राजाराम, रुई, तेरवाड,
बंधाऱ्यावर बंधारा आडवा.
म्हणून रस्त्यानं. आणि रस्त्यानं गेलं
की तीच पंचगंगा तीनदा ओलांडायची.

शिवाजी पुलावर तिनं खाली बघितलं नाही.
तावडे हॉटेलला हवालदारानं शिट्टी मारली,
गाडीभोवती एक पूर्ण फेरी घातली,
"वल्हवत नेतोस काय रं?"
आणि खणाचा तुकडा बोटानं उडवून
जा म्हणाला.
शिरोलीच्या अलीकडं दुसरा पूल.
त्या वर्षी इथं हायवेवरच पाणी होतं,
ट्रकची रांग, आणि टपावर बसलेली माणसं.
"ती मागची," भागीरथी म्हणाली, "ती बी नावच की.
आमच्या आळीतली पोरं काहिलीतनंच काढली तवा.
गोल गोल फिरती नुसती. तिला नाक न्हाई."

चोकाक गेलं, हातकणंगले गेलं.
उसाच्या गाड्या अंगावर येत होत्या,
मी आरशात एक डोळा ठेवून,
त्या दोन वीत हवेत जीव ठेवून.
ती झोपली होती, किंवा डोळे मिटून
काहीतरी मोजत होती.

शिरोळच्या पुढं एक वळण आहे.
वळणावरच कुणीतरी रात्रीत घातलेला गतिरोधक,
ना पट्टा, ना पाटी.
गाडी बसली.
मागं ठण्ण झालं.

"लागली," ती म्हणाली
आणि डोळे उघडायच्या आधी दार उघडलं.
लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलेलं,
एक पाय बाहेर,
हात हवेत, घाटावरची खुंटी चाचपत.

मी ब्रेकवर उभाच राहिलो.

पायाखाली डांबर, उसाचं चिपाड,
आणि एक कोंबडी पळत गेलेली.
तिनं ते सगळं नीट बघून घेतलं,
जणू पाणी उतरल्यावर पहिल्यांदा
गाव बघावं तसं.
मग पाय आत घेतला,
दार ओढलं. पहिल्यांदा लागलं नाही,
दुसऱ्यांदा लागलं.

"अजून एक पूल हाय न्हवं?"
"हाय."
"मग चल."

मी पहिला गिअर टाकला.
मागं काहील अजून घुमत होती,
बारीक, थांबता थांबेना.