चालून राहिलंय

अंशुल चौकसेनं तीन रात्री जागून यंत्र लिहिलं.
साधं आहे दीदी, म्हणाला, एकच प्रश्न विचारतं:
कोण जागं आहे?

आमच्याकडे आता एका वेळी सतरा एजंट सोडलेले असतात.
कोणी बिलं जुळवतो, कोणी चाचण्या घेतो,
कोणी एखाद्या फाइलच्या दारात
स्वतःशीच बोलत बसतो.
भंवरकुआंच्या या चौथ्या मजल्यावर
कोणालाच धड ठाऊक नसतं
त्यातलं कोणतं सेशन काम करतंय
आणि कोणतं नुसता दिवा लावून बसलंय.

मी त्याची माहितीपुस्तिका लिहिते.
इंग्रजीत. पण आधी प्रत्येक वाक्य
घरच्या मराठीत वाजवून बघते, मडक्यासारखं.

पहिली अवस्था: चालू.
चालू म्हणजे? चालतं? चालत असतं?
पुण्याची नणंद हसते आमच्या बोलीला,
पण हे क्रियापद मला इंदूरनंच दिलं:
चालून राहिलंय.
त्यात चालणंही आहे आणि राहणंही.

दुसरी: संपलं. एक ओळ पुरली.
तिसरी: पडलं. कारण नोंदींत पाहावे.
चौथीपाशी मी अडले.

प्रतीक्षेत.
कशाच्या?
माणसाच्या उत्तराच्या, अंशुल म्हणाला,
परवानगी मागून ठेवलेली असते, कोणी हो म्हणत नाही.
किती वेळ थांबतो?
थांबतो.
म्हणजे किती?
त्यानं चहाचा कागदी कप चेपला.
दीदी, थांबतो. त्याच्याकडे काय घड्याळ आहे?

घड्याळ आप्पांकडे होतं.
परदेशीपुऱ्याजवळच्या मिलमध्ये टाइमकीपर होते ते,
बाराशे माणसांचं आत-बाहेर त्यांच्या शिक्क्याखाली.
फाटक लागलं त्या दिवशी
नोटिशीत 'बंद' हा शब्द नव्हता.
होतं: पुढील आदेशापर्यंत.
आप्पांनी ती ओळ वहीत उतरवली, तारीख घातली
आणि बाराशे नावांपुढचा
'बाहेर'चा रकाना मोकळा ठेवला.
आदेश आला नव्हता ना.

मग नऊ वर्षं रोज पावणेसातला
ते बूट घालून ओट्यावर बसत.
आई म्हणायची, अहो, आत या.
पण ते आतच होते.
त्यांचं कार्ड बाहेर पडलंच नव्हतं.

नाडी ठीक, वीज आहे, बूट पॉलिश केलेले.
कोणत्याही यंत्रानं
हिरवा ठिपका दाखवला असता.

अंशुलला तेच हवं होतं:
चौथीला पहिलीतच घालू,
साहेबांना चार रंग कळत नाहीत.
मी म्हटलं, रंग काढ हवा तर.
दोन रकाने दे. कधीपासून. कोणाकडून.

रात्री साडेअकराला नवी आवृत्ती चालवली.
सोळा ओळी जशा असाव्यात तशा.
सतरावी:
प्रतीक्षेत. एकशे तीन तास.
कोणाकडून, तर माझं नाव.

मंगळवारी मीच धाडलं होतं त्याला,
जुन्या पुस्तिकेतल्या चुका वेचायला,
आणि विसरून सराफ्याकडे निघाले होते
भाच्याच्या वाढदिवसाची कचोरी आणायला.
तो विचारून राहिला होता:
प्रकरण चौथे काढून टाकू का?

खाली कोणीतरी रिक्षाचा हॉर्न दाबून धरला होता.
मी 'नाही' असं लिहिलं.
दोन सेकंदांत त्यानं आवरलं, सगळं जागच्या जागी ठेवून.
संपलं, असं आलं.

मग चौथ्या अवस्थेखाली मी एक वाक्य वाढवलं:
उत्तर नकाराचं असलं तरी द्यावं.

अंशुलनं त्यावर पिवळी खूण केली आहे.
हे तांत्रिक नाही दीदी, काढू का?

आठ दिवस झाले.
मी अजून काही कळवलेलं नाही.