अंगठ्यानं फिरवून बघ

तीन शनिवार कॉलेज रोडच्या दुकानात गेलो
आणि तिन्ही वेळा तिला नुसती उचलून परत ठेवली.
नवी कोरी. चेसिसवर ओरखडा नाही,
निळ्या अ‍ॅल्युमिनियममध्ये माझाच चष्मा दिसायचा.
विचारलं, पुढचा आर्म तुटला तर?
पोरगा म्हणाला, मागवून देऊ सर, पाच-सहा आठवडे.

पाच-सहा आठवडे!
आडगावच्या ट्रॅकवर आर्म तुटतो तो रविवारी साडेअकराला,
दुसऱ्या उडीनंतरच्या उजव्या वळणावर,
जिथे मुरमाखालून खडक वर आलाय
आणि सगळ्यांना माहीत असून कुणी तो काढत नाही.

मी अंबडला टूलरूममध्ये असतो. मायक्रॉन मोजतो.
घरी येऊन वही काढली, मधोमध रेघ मारली:
इकडे पुल-स्टार्ट, तिकडे स्टार्टर बॉक्स,
मागच्या डिफरन्शियलला कुठलं ऑइल,
नायट्रो वीस टक्के की पंचवीस,
एका रविवारी किती जळेल.
वही भरली. बग्गी आली नाही.

मग शरणपूरला एलिया अमोलिकांकडे गेलो.
ओट्यावर जुनं बनियन अंथरून
त्यावर तिला उताणी ठेवलेली, चाकं काढून.
चेसिसची कड घासून घासून सुरीसारखी झालेली.
एक आर्म काळा, एक पांढरा.
बॉडीवर केशरी रंग, खाली हिरवा,
त्याच्या खाली अजून कुणाचा तरी नंबर.
आणि एरंडेलाचा तो वास,
बाळंतघर आणि गॅरेज एकाच खोलीत असल्यासारखा.

किंमत सांगितली नाही. म्हणाले,
प्लग काढलाय, म्हणजे हवा अडवणार नाही.
अडेल तो धातू.
अंगठ्यानं फिरवून बघ.

फ्लायव्हील फिरवलं. सहज गेलं, गेलं,
आणि पिस्टन अगदी टोकाला पोचताना
अडलं.
गेजवर हे दिसत नाही असं नाही,
आकडासुद्धा सांगता येईल मला.
पण अंगठ्याला आधी कळलं.
थंड असताना इथं अडायलाच हवं, ते म्हणाले,
सैल लागलं तर समज, इंजिन संपलं.
तापल्यावर होते आपोआप जागा.

मग विकताय कशाला?

त्यांनी रिसीव्हरला बॅटरी जोडली,
रिमोट हातात घेतला, बोट ट्रिगरवर नुसतं टेकवलं.
मला हात स्थिरच दिसत होता.
कार्ब्युरेटरचं तोंड मात्र
उघडत होतं, मिटत होतं,
उघडत होतं,
सर्वो कुरकुरत होता मधमाशीसारखा.

आम्ही दोघांनी ते थोडा वेळ पाहिलं.
मग त्यांनी बॅटरी काढली.

एक अट आहे, म्हणाले. पिटमध्ये मी उभा राहणार.
दर सात-आठ मिनिटांनी टाकी भरायची,
बाटली धरायला दोन्ही हात लागतात,
आणि दोन्ही हात एकत्र असले की हे शहाण्यासारखे वागतात.

वहीत हा रकाना नव्हता.

रविवारी आम्ही सातवे आलो. आठांत.
तिसऱ्या फेरीतच त्या खडकानं पांढरा आर्म नेला.
मी स्टँडवरून ओरडत होतो, आणा, आणा तिला इकडे,
आणि अमोलिक गुडघे टेकून मातीत बसलेले,
स्क्रू-ड्रायव्हर दातांत,
खिशातून दुसरा काढत होते.
काळा.
घरून निघतानाच घेतलेला.