वही क्रमांक सात

तिच्याआधी येऊन गेलेले सगळे
पुरुषांशी बोलून गेले.
अस्वल कसं मारतात, होडी कशी कोरतात,
देवाला कोणत्या रंगाचं कापड.
बायका तेव्हा मासे साफ करत होत्या,
आणि त्या पुस्तकांत
अजून मासेच साफ करतायत, पाठमोऱ्या.

साल्मे पाल्गी तार्तूहून आली
अडुसष्टच्या जूनमध्ये, डासांच्या ढगातून,
आणि सरळ बसली उस्तिन्याआजीशेजारी,
धुराच्या बाजूला, जिथे बायका बसतात.
सुरी मागितली.
पहिल्याच माशात स्वतःचा अंगठा कापला.
आजी म्हणायची, तिथेच ती मला आवडली.

मग सुरू झाले प्रश्न.
आईच्या धाकट्या भावाला काय म्हणता?
थोरल्या दिरासमोर रुमाल कुठवर ओढता?
तो दारू प्यायलेला असेल तर?
तो मेल्यावर?
आजी उत्तरं देई, हात थांबत नसत.
कुत्र्यांची नावं झाली. कुत्र्यांच्या आयांची झाली.
ओबच्या कडेला बर्फाची साय धरली,
तरी बाई काही हलेना.

"आणि मला? मला काय म्हणता तुम्ही?"

आजीच्या दातांत तेव्हा शिवणीचा दोरा होता,
हरणाच्या स्नायूचा, ओला करायला धरलेला.
तो न काढताच तिने एक शब्द टाकला.
खांती बोलीत असा शब्दच नव्हता.
अर्थ साधारण असा:
जी पाहुणी म्हणून येते, जायचं नाव घेत नाही,
आणि कुत्र्याचंही कूळ विचारते.
बाकीच्या बायकांनी रुमाल तोंडावर ओढले,
लाजून नव्हे.

साल्मेने लिहून घेतलं. वही सात, पान एकेचाळीस:
मानलेली आत्या. आदरार्थी.

पुढे तिचं नाव झालं.
तिचे विद्यार्थी कुठकुठल्या चुलींपाशी जाऊन बसले,
अंगठे कापून घेतले,
आणि पत्रांच्या मायन्यात तिला
आजीचाच शब्द लिहू लागले.

मला सातव्या वर्षी हेलिकॉप्टरने
वसतिगृहाच्या शाळेत नेलं.
आपली भाषा बोललं की जेवणाआधी उभं करत.
परतले तेव्हा आजी बोलायची
आणि मी खिडकीबाहेर बघायचे.

ती गेल्यावर तार्तूला गेले, वह्या मागितल्या.
पान एकोणीसला एक खवला अजून चिकटलेला.
मामा. दीर. रुमालाची कड.
मी एकेक शब्द हळू उच्चारला,
दुसऱ्याच्या बुटात पाय घालून पाहावा तसा.

आणि पान एकेचाळीसच्या समासात
वेगळी शाई, थरथरतं अक्षर, सन त्र्याण्णव:
"उस्तिन्याने आज खरं सांगितलं.
दोघी इतक्या हसलो की चहा सांडला.
खोडू का, विचारलं.
म्हणाली, राहू दे.
पंचवीस वर्षं वापरलास. आता खराच आहे."

आता आमच्याकडे पोरं
नव्या डॉक्टरीणबाईला तोच शब्द लावतात.
शब्दकोशातही आलाय, आदरार्थी.

परवा मी फ्योक्लामावशीला विचारलं,
जाळ्याच्या या गाठीला काय म्हणतात?
आणि या दुसरीला? आणि ही सुटली तर?
तिने माझ्याकडे नीट पाहिलं,
सुरी हातात दिली,
आणि म्हटला तो शब्द.

मी मासा उचलला.
शेपटीकडून. चुकीचाच.