नोंद क्रमांक तीनशे बारा

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या,
नाशिकरोडच्या छापखान्यात, दिव्यासमोर धरून.
शाई जरा पसरलेली, आकडा केसभर सरकलेला,
की ती नोट बाजूला.
चुकीचं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही,
एवढंच काम.

आता रविवारी दहा ते एक
तांबट आळीत, बंद पडलेल्या गिरणीच्या माळ्यावर
आमच्या इतिहास मंडळाची वही लिहितो.
तुळयांवरून अजून पीठ झडतं.
मनोरमा गायधनी म्हणतात, असू दे,
वाळवी पीठ खाईल, कागद सोडेल.

लोक काय काय आणतात.
जकात नाक्याची पावती: बैलगाडी एक, कांदे, दोन आणे.
रहाडीवरच्या फळीचा तुकडा,
कुठल्या तरी रंगपंचमीचा पिवळा शिरांत धरून बसलेला.
लतीफ अत्तारांनी रिकामी बाटली आणली.
'वास गेलाय,' म्हणाले, 'पण झाकण जपून उघडा.'
मी लिहिलं: बाटली, काचेची, एक.
ते हलले नाहीत.
मग पुढे लिहिलं: झाकण जपून उघडावे.

तीनशे बाराव्या नोंदीला दार आलं.
हातगाडीवर आडवं, सुतळीनं बांधलेलं,
मागून चालत कमळजाबाई खैरे.
'एकोणसत्तरचा पूर इथवर,'
आणि बोट ठेवलं लाकडातल्या करड्या रेघेवर.
टेप लावली. साडेचार फूट.
दगडू तांबट खालूनच ओरडले, छे!
आमच्या भट्टीपाशी पाणी छातीला होतं.
छाती कुणाची?
माझीच की. अकरा वर्षांचा होतो.
बोहोरपट्टीच्या सकीनाबेन इतका वेळ गप्प होत्या.
म्हणाल्या, आमच्याकडे पाणी आलंच नाही,
माणसं आली. एकोणीस.
जिन्याच्या पायरी-पायरीवर झोपली.
मोजायचं तर ते मोजा.

सवयीनं माझा हात डावीकडे गेला,
बाद नोटांचा गठ्ठा असायचा तिथे.
तिथे फक्त पीठ.

खाली नदीत दुतोंड्या मारुती उभा.
पूर त्याच्या गुडघ्याला की गळ्याला,
एवढंच गाव त्याला विचारतं.
दोन्हींतलं खरं तोंड कुठलं,
हे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तिन्ही लिहिलं. एकाखाली एक, एकाच शाईनं.
वस्तू: दार, सागवानी.
कडी? मी विचारलं.
कमळजाबाईंनी पदराआड धरली होती.
'ही राहू द्या माझ्याकडे.
नव्या दाराला बेल आहे. ती कुणाची, कळतच नाही.'
लिहिलं: कडी मालकिणीकडे.

महिनाअखेरीच्या रविवारी शाळेची पोरं घेऊन आळीत फिरतो.
पाटी लावायला पैसे नाहीत,
मनोरमाबाईंच्या पिशवीत खडू असतो.
भट्टीच्या भिंतीवर एक रेघ,
सकीनाबेनच्या जिन्यावर पायऱ्यांना आकडे,
आणि शेवटी माळ्यावर, दारापाशी, रांग.
तिसरीतली एक मुलगी पाठ टेकून उभी राहिली.
रेघ तिच्या डोक्यावरून दोन बोटं.
तिनं टाचा उचलल्या. 'आता?'
'आता कपाळ बाहेर,' कमळजाबाई म्हणाल्या,
'नाक अजून पाण्यातच.'
मुलीनं गाल फुगवले, डोळे मिटले.
मग तिच्या मागच्यानं. मग सगळ्यांनी.

पलीकडच्या दुकानात
कुणी तरी तांब्याच्या हंड्याला ठोके देत होतं,
तेवढाच आवाज.

शेरा या रकान्यात त्या दिवशी लिहिलं:
मुलं चौदा, श्वास रोखून.
कोण किती वेळ, ते नोंदवायचं राहिलं.
माझाही सुटला नव्हता.